गुरुजींचा संशय आणि आपली जबाबदारी

१९७२च्या दुष्काळात आमच्या तालुक्यातील खडीच्या कामांवर मस्टर तपासायला जे चार-पाच कार्यकर्ते जात, त्यांत एक प्राथमिक शिक्षक होते. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणत असू. मस्टरवर नावे असत दोनशे आणि खडी फोडणारे निघत दीडशे. गुरुजी सुट्टीच्या दिवशी पहाटेच कामावर जाऊन बसत, एकेका माणसाला नाव विचारून वहीत टिपून घेत आणि ती वही मामलेदारांपुढे नेऊन ठेवीत. सरकार सांगते त्यावर विश्वास ठेवू नका, जाऊन मोजा, हा धडा आमच्या पिढीने त्यांच्याकडून घेतला.

मार्च २०२१ मध्ये साठ वर्षांवरील नागरिकांसाठी कोरोनाची लस खुली झाली, तेव्हा आम्ही तिघे त्यांना केंद्रावर नेण्यासाठी गेलो. गुरुजींनी नकार दिला. ही साथ औषध कंपन्यांनी आणि काही अब्जाधीशांनी घडवून आणली आहे, लस हा त्यांच्या व्यापाराचा दुसरा अंक आहे, आणि म्हाताऱ्यांची संख्या कमी करणे सरकारलाही सोयीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही वाद घालू लागताच त्यांनी शांतपणे विचारले, “कंपन्यांवर तुमचा इतका विश्वास केव्हापासून बसला?” आम्हांला उत्तर सुचले नाही. आमच्यापैकी एकजण चिडून म्हणाला, “तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने असे बोलावे?” तिथे संभाषण संपले. मे महिन्यात गुरुजी गेले. लस घेतली असती तर ते निश्चित वाचले असते, असे कोणी म्हणू नये. परंतु वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढली असती, हे मात्र खरे आहे. त्यांचा तो प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. जो माणूस मस्टरवरील एकही खोटे नाव खपवून घेत नसे, त्याने इतकी मोठी कथा न मोजता कशी स्वीकारली?

याचे सोपे उत्तर ‘अज्ञान’ हे आहे, आणि ते चुकीचे आहे. गुरुजी अज्ञानी नव्हते. मुंबई-पुण्याच्या प्लेगचा इतिहास पाहिला तरी हे उत्तर टिकत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढविला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसे मारून त्यांच्या देहांतून मोमियाई काढतात, व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचा हा सूड आहे, अशा वदंता शहरभर पसरल्या होत्या. त्या खोट्या होत्या. परंतु त्या कामगाराने डोळ्यांनी काय पाहिले होते? शेजारी इस्पितळात गेला आणि मेला, हे त्याने पाहिले होते. प्लेगवर तेव्हा गुणकारी उपचार नव्हता आणि बहुतेक रुग्ण उशिरा दाखल होत, ही कारणे त्याला कोणी सांगितली नव्हती. सांगायला येणारा माणूस परकीय सत्तेचा होता, आणि त्या सत्तेने यापूर्वी त्याच्या चाळीकडे कधी ढुंकूनही पाहिले नव्हते.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. अधिकाऱ्यांना विस्तृत अधिकार व संरक्षण देणारा हा कायदा नागरिकांच्या हक्कांविषयी मात्र मुका होता. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोऱ्या सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या. स्त्रियांची अप्रतिष्ठा, देवघरांत पडलेली पायताणे, जाळले गेलेले सामान यांच्या तक्रारींनी शहर पेटून उठले. लोक रोगी लपवू लागले, गावे सोडून पळू लागले आणि त्यांच्याबरोबर रोगही पळाला. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आपल्या दृष्टीने त्यातील बोध असा की, ज्या सत्तेने विश्वास कमावलेला नसतो तिचे खरे बोलणेही लोकांना खोटे वाटते. विलगीकरणाची गरज खरी होती. परंतु ती बंदुकीच्या दस्त्याने समजावून सांगितली गेली.

आता २०२० कडे वळू. २४ मार्च रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत अमलात आली. लाखो स्थलांतरित मजूर पायी निघाले. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की, टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी आपल्याकडे नाही. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले की, प्राणवायूच्या अभावी झालेल्या मृत्यूंची स्वतंत्र नोंद राज्यांनी कळविलेली नाही. आणि त्याआधी तीन महिने देशभर लोक सिलिंडरसाठी वणवण फिरत होते. २०२१ अखेरपर्यंत सरकारी नोंदीत सुमारे ४ लाख ८१ हजार कोविडमृत्यू होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख दिला. सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला, हे नमूद केले पाहिजे. परंतु ज्याने आपल्या गावच्या स्मशानातील रांग पाहिली आणि नंतर सरकारी आकडा वाचला, त्याच्या मनात ‘हे आणखी काय लपवीत असतील?’ हा प्रश्न येणे स्वाभाविक होते. कारस्थानाची कथा या प्रश्नाच्या पोटी जन्म घेते.

एप्रिल २०२१ मध्ये एकाच लशीचे तीन दर जाहीर झाले. केंद्राला १५० रुपयांना मिळणारी कोव्हिशिल्ड राज्यांना ४०० आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांना देऊ केली गेली. ओरड झाल्यावर राज्यांचा दर ३०० वर आला. त्याआधी जानेवारीत दुसऱ्या एका लशीला तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे निष्कर्ष हाती नसतानाच परवानगी दिली गेली होती. ती लस पुढे उपयुक्त ठरली. परंतु घाई आणि अपारदर्शकता यांची किंमत ज्याला मोजावी लागली, तो गुरुजींसारखा संशयी वृद्ध होता.

म्हणजे संशयाला सरपण सत्तेनेच पुरविले. पण केवळ सरपणाने आग लागत नाही. शहाण्या माणसाच्या मनातही काही जागा अशा असतात की, तेथे ठिणगी पडली की पेट घेते. पहिली जागा प्रमाणाच्या अपेक्षेची. प्रचंड संकटाला प्रचंड कारण असले पाहिजे, असे मनाला वाटते. एका सूक्ष्म विषाणूने जग ठप्प व्हावे यात न्याय नाही, अर्थ नाही. त्यापेक्षा दुष्ट माणसांनी ते ठप्प केले, हे अधिक सुसह्य आहे. दुष्ट माणसाविरुद्ध लढता येते, योगायोगाविरुद्ध लढता येत नाही. दुसरी जागा पुनरावृत्तीची. एकच विधान पुन्हापुन्हा कानी पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोगांनी दाखविले होते. टाळेबंदीत एकाकी पडलेल्या वृद्धाच्या हातातील फोनवर दिवसातून दहा वेळा तोच मजकूर येई. आणि तो अनोळखी माणसाकडून येत नसे, भाचा पाठवी, जुना सहकारी पाठवी. तिसरी जागा स्वाभिमानाची. आयुष्यभर सभेत ज्याचा शब्द ऐकला गेला, त्याला सारे जग ‘घरात बसा, हात धुवा’ एवढेच सांगत होते. ‘मला आतली गोष्ट ठाऊक आहे’ ही भावना अशा माणसाला त्याचे गेलेले स्थान परत देते. मग त्याला मूर्ख म्हणणारा प्रत्येक जण त्या कथेला त्याच्याशी अधिक घट्ट बांधतो. आम्ही त्या दिवशी तेच केले.

कोणी म्हणेल, सत्ताधाऱ्यांवर संशय घेतला गेला तर आपले काय बिघडले? बिघडते, आणि फार बिघडते. कारस्थानकथा संताप जागा करते, परंतु तो वर पोचू देत नाही. हाताशी सापडणाऱ्या दुबळ्याकडे वळविते. १३४८-४९ च्या काळ्या मृत्यूच्या वेळी युरोपात ज्यूंनी विहिरींत विष कालविल्याची वदंता उठली आणि स्ट्रासबुर्गसारख्या शहरात शेकडो ज्यू जिवंत जाळले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील समाजवाद्यांनी ज्यूद्वेषाला ‘मूर्खांचा समाजवाद’ म्हटले, ते याच कारणाने: शोषणाचा राग खरा, पण शत्रू चुकीचा. आपल्याकडे २०२० च्या वसंतात दिल्लीतील तबलिगी मेळाव्याचे निमित्त करून एका संपूर्ण समाजावर रोग पसरविण्याचे कारस्थान लादले गेले. भाजीवाल्यांना मोहल्ल्यांतून हुसकावले गेले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे स्पष्ट नोंदविले. तोवर घाव बसून गेले होते.

दुसरा तोटा असा की, गुप्त बैठकीच्या शोधात असलेल्या माणसाला उघड्यावर चाललेली बैठक दिसत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव मांडला की, साथ संपेपर्यंत लशी व औषधांवरील बौद्धिक संपदेचे हक्क स्थगित करावेत. श्रीमंत राष्ट्रांनी तो दीड वर्षाहून अधिक काळ अडवून धरला आणि जून २०२२ मध्ये अगदी तुटपुंजा निर्णय झाला. जग लशीवाचून मरत असताना नफ्याचे कुंपण राखले गेले, आणि हे सारे वर्तमानपत्रांत छापून येत होते. लशीत काय मिसळले आहे, यावर जेवढी चर्चा आपल्या चावड्यांवर झाली, तिच्या शतांश चर्चा तरी या कुंपणावर झाली का? कारस्थानकथा भांडवलशाहीला घाबरवीत नाही. ती तिला आडोसा देते.

मग संशय घेऊच नये काय? तसे म्हणणे म्हणजे आपला वारसा टाकून देणे होय. खरी कारस्थानेही असतात. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९३२ पासून अलाबामातील टस्कीगी येथे उपदंश झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, उपचाराविना ठेवले आणि रोगाचा प्रवास न्याहाळला. १९७२ मध्ये त्याच खात्यात काम केलेल्या एका कर्मचाऱ्याच्या धडपडीमुळे ते वर्तमानपत्रांत आले. खऱ्या कारस्थानाला कागद असतात, तारखा असतात, मर्यादित माणसे असतात आणि कोणीतरी सदसद्विवेकाने अस्वस्थ झालेला असतो. काल्पनिक कारस्थानाला सीमा नसते. विरोधी पुरावा दिला की तो देणाराही कटात सामील ठरतो. भारतात ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, आणि २०२१ च्या मे महिन्यातच तिच्या मनोऱ्यांनी लोक मरत असल्याच्या अफवा गावोगावी होत्या. ‘कोणती गोष्ट समोर आली तर माझे मत बदलेल?’ हा एक प्रश्न स्वतःला विचारला, तरी संशय आणि श्रद्धा यांतील फरक कळतो.

चूक आणि कट यांतही भेद केला पाहिजे. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे ती टोचलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात होऊन मृत्यू आला. हाफकिनवर ठपका आला, आणि १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला, कारण बाटली उघडतानाच्या हाताळणीकडे पुरावा बोट दाखवीत होता. कोविडच्या एका लशीमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हेही २०२१ मध्येच वैद्यकशास्त्राने शोधून जाहीर केले. हे मान्य करण्यात आपली हार नाही. जो कार्यकर्ता ‘काहीही होत नाही’ असे सांगतो, त्याच्यावर पहिल्या तापानंतर कोणी विश्वास ठेवीत नाही.

मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. सोजीर घरात शिरत होते त्या काळात एक वृद्ध स्त्री रोग्याला आपल्या मुलाच्या दवाखान्यात पोचवीत होती. विश्वास असा जवळ जाऊन मिळवावा लागतो. साथ आल्यावर पत्रके वाटणारे आपण, साथ नसताना प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही, औषधांचा साठा किती, मृत्यूंची नोंद खरी होते की नाही, हे पाहायला जातो का? मस्टर तपासणारे हात तेथे का पोचले नाहीत?

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आज देता येईल. कंपन्यांवर आमचा विश्वास नाही, गुरुजी. म्हणूनच लशीचे दर, करार आणि चाचण्यांचे निष्कर्ष उघड करा, अशी मागणी आम्ही करू. पण लस टोचलेल्यांत किती मेले आणि न टोचलेल्यांत किती, हे मोजता येते, आणि मोजण्याची रीत आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. चला, वही घेऊन केंद्रावर बसू. हे त्या दिवशी आम्ही म्हणालो नाही. पुढची साथ येईल तेव्हा दारात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला हे म्हणता आले पाहिजे, आणि ते म्हणण्याचा अधिकार त्याने आजपासून कमवायला हवा.