डिसेंबरचे डॉलर आणि दुखरी टाच

आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत मार्चअखेर आली की ‘निधी परत जाईल’ या धाकाने खुर्च्या, पंखे, कपाटं अशी खरेदी सुरू होते. अमेरिकेतल्या नोकरदाराच्या घरी हा मार्च डिसेंबरातच येतो.

त्याचं कारण फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘एफएसए’. वर्ष सुरू होण्याआधी आकडा ठरवायचा. मग तेवढी रक्कम कर लागण्याआधीच पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जाते आणि औषधोपचारावर खर्च करता येते. २०२५ साठी या रकमेची मर्यादा ३,३०० डॉलर होती. पैसे उरले, तर कंपनीने मुभा दिली असल्यास काही रक्कम (२०२५ साठी ६६० डॉलरपर्यंत) पुढच्या वर्षात नेता येते, नाहीतर खर्चायला अडीच महिने जास्तीचे मिळतात. दोन्ही सवलती एकदम नाहीत, आणि काही कंपन्या एकही देत नाहीत. मग घामाचे पैसे कंपनीकडे!

म्हणून वर्षअखेरीला न्यू जर्सीतल्या मराठी घरातही सनस्क्रीनच्या बाटल्या आणि तिसरा चष्मा येतो. आणि तो मागवणारा गृहस्थ सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरतो. पहिल्या पाच-दहा पावलांना टाचेत खिळा रुतल्यासारखं होतं. चालता चालता कळ सैल पडते, ‘होईल बरं’ म्हणून विषय मिटतो, आणि दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा हाताशी असतेच.

हे पैसे आधी पायांवर खर्च व्हायला हवेत. तिकडे पायांचा स्वतंत्र डॉक्टर असतो, पोडायट्रिस्ट. त्याची फी, पायाच्या मापाने बनवलेले बुटातले आधार, मांसात रुतलेल्या नखावरचा उपचार, हे सगळं एफएसएत बसतं. चिखल्यांवरचं मलम तर २०२० च्या करोनाकाळातल्या कायद्यापासून चिठ्ठीशिवायही चालतं. पेडिक्युअर मात्र नाही. ती हौस स्वतःच्या खिशातून. एक मेख लक्षात ठेवावी : बिल कधी भरलं याला महत्त्व नाही, उपचार कधी झाला ते पाहतात. कंपनीने वरची कुठलीच सवलत दिली नसेल, तर डिसेंबरात घेतलेली जानेवारीची अपॉइंटमेंट जुन्या वर्षाचे पैसे वाचवत नाही.

मराठी माणसाला तर पायांकडे पाहण्याचं जास्तीचं कारण आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहासाठी तपासणी बीएमआय २३ पासूनच करायला सांगते. इतरांसाठी तो आकडा २५ आहे. मधुमेह असेल तर पायांची सविस्तर तपासणी वर्षातून एकदा तरी हवी. डॉक्टर डोळे मिटायला सांगतो, तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवतो आणि विचारतो, ‘कळलं?’ ज्याला कळत नाही, त्याला बुटातला खडाही कळत नाही. जखम चिघळल्यावरच पाय दिसतो.

पण दोष एकट्या विसराळू गृहस्थाचा नाही. ‘वापरा, नाहीतर विसरा’ हा नियमच उधळपट्टीला पाट मांडून देतो. कंपन्यांची बाजू अशी, की वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. एखाद्याने ती जानेवारीतच संपवून नोकरी सोडली तर तोटा कंपनीचा. हे खरं आहे. तरी २०१३ मध्ये ५०० डॉलर पुढे न्यायला परवानगी मिळाली, म्हणून काही योजना बुडाल्या नाहीत. जास्त वजावटीच्या विम्याबरोबर मिळणाऱ्या एचएसए खात्यातली शिल्लक तर कधीच मुदतबाह्य होत नाही. मग इथेच हा बडगा कशाला?

सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या आईच्या मधुमेही पायांसाठी मात्र एफएसएचे पैसे सहसा चालत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर आलेली आई कराच्या हिशेबात सहसा मुलावर अवलंबून ठरत नाही. ती सोफ्यावर टाचांना खोबरेल चोळत बसते, आणि शेजारी मुलगा उरलेल्या डॉलरांत काय बसेल ते फोनवर शोधत असतो.