गवत गेलं, मदत दोन वर्षांनी

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात चेरी नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढं, वस्ती मात्र साडेपाच हजारांच्या आसपास. वाळूच्या टेकड्या, त्यांवर गवत आणि गवतावर गाई. पाऊस गेला की इथे चारा जातो, आणि चारा गेला की सगळंच जातं.

इथल्या पशुपालकांना सरकारी पैसे मिळतात म्हटलं की एक टोमणा हमखास येतो : एरवी सरकार नको म्हणणारे हे लोक चेक मात्र बरोबर घेतात. कुणाला किती मिळाले याची यादी नावानिशी इंटरनेटवर आहे. मीही ती कुत्सितपणेच उघडली होती. पण योजना समजून घेतल्यावर माझा कुत्सितपणा थोडा उतरला.

तिकडे पंचनामा नाही. दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा जाहीर होतो. तो तयार करण्यात नेब्रास्काच्याच लिंकन शहरातल्या विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. चराईच्या हंगामात काउंटीच्या एखाद्या कोपऱ्यात जरी नकाशा लाल झाला, तरी साऱ्या काउंटीतले पशुपालक तीन महिन्यांच्या चारा-मदतीला पात्र ठरतात. (एवढ्या अवाढव्य काउंटीत दुसऱ्या टोकाला पाऊस झालेलाही त्यात येतो, हे खरं.) साहेबाच्या मागे फिरावं लागत नाही, पुढाऱ्याची चिठ्ठी लागत नाही. आमचे अब्बा एका दुष्काळात पंचनाम्यासाठी सहा खेपा घालून आले होते, म्हणून मला याचं अप्रूप जरा जास्तच.

पण २०१२ सालची गोष्ट पाहा. नेब्रास्काचा बहुतेक भाग नकाशावर सर्वांत गडद रंगात होता. आणि नेमकी तेव्हा योजनाच नव्हती! २००८च्या कायद्याने दिलेली तिची मुदत सप्टेंबर २०११मध्ये संपली होती आणि नवा कायदा संसदेत अडकला होता. तो झाला फेब्रुवारी २०१४मध्ये. मदत मागच्या तारखेपासून दिली, अगदी दुष्काळामुळे विकलेल्या जनावरांचीही थोडी भरपाई दिली. पण ज्याच्याकडे बँकेची पत होती, त्याने चारा विकत आणून गाई जगवल्या. ज्याच्याकडे नव्हती, त्याने कळप बाजारात नेला. पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला कळप चेक आल्यावर परत उभा राहत नाही.

दुसरं, पैसे डोक्यामागे. म्हणजे माणसाच्या नव्हे, गाईच्या. ज्याच्या गाई जास्त त्याला जास्त. एका व्यक्तीला वर्षाला सव्वा लाख डॉलरची मर्यादा आहे, पण भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी धरली जाते. वकील परवडणाऱ्याला एवढी वाट पुरते. आणि वर्षभर घोड्यावरून ती गुरं राखणारा पगारी गडी या हिशोबात कुठेच नाही. मालकाने गुरं विकली की त्याचं कामही गेलं.

म्हणून मला त्या टोमण्यात आता रस उरलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे : पहिल्या शंभर गाईंना पूर्ण दराने द्या, पुढे दर उतरवत न्या, भागीदारीची पळवाट बुजवा आणि पैसे त्याच हंगामात द्या. नकाशा तर आठवड्याला निघतोच.