गाडी लागली!

पालघरच्या एस.टी. स्थानकावर ‘बोईसरची गाडी लागली!’ असे कानी पडले, की आपण पिशव्या सावरीत धावतो. पण परप्रांतातून नुकत्याच आलेल्या गृहस्थाला कोणी म्हटले, ‘मला गाडी लागते, जरा खिडकीपाशी बसू द्या,’ तर तो बिचारा फलाटाकडेच पाहत राहायचा!

१९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इकडे आली. त्यांतली काही मराठीच्या शंका घेऊन माझ्याकडे येतात. ‘ळ’ला ती भीत नाहीत, भितात ती ‘लागणे’ या क्रियापदाला. भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. विहीर खणताना पाणी लागते. भाजी खारट लागते. मूल रडू लागते आणि आपल्याला उठावे लागते. दिवाळीचे दिवे लागतात आणि आगही लागते! शिवाय ‘ती तुमची कोण लागते?’ हे उरतेच.

मूळ मात्र एकच. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. ‘लग्न’ हा शब्दही त्याच घरचा. पायाला दगड भिडला की ठेच लागते, मनाला माणूस चिकटले की लळा लागतो, गळ्यात काम पडले की ते करावे लागते. एवढे सूत्र सांगितले, की निम्मी यादी पाठ करण्याचे कारण उरत नाही.

फसतो तो हिंदी भाषिक. कारण त्याच्या घरी ‘लगना’ आहे आणि भाऊबंदकी कोणाला चुकली आहे? त्याला डर ‘लगता है’, आपल्याला भीती वाटते. त्याला ठंड ‘लगती है’, आपल्याला थंडी वाजते. त्याला जाना ‘पडता है’, आपल्याला जावे लागते. आणि त्याचे ‘मुझे लगा’ म्हणजे बहुधा आपले ‘मला वाटले’.

येथे मात्र विनोद संपतो. कारखान्याच्या घरघरीत यंत्रापलीकडून एखादा मराठी मुलगा म्हणाला, ‘मला लागलं!’ आणि ‘काय वाटले बुवा याला?’ म्हणून नवा सोबती पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला, तर? म्हणून नवख्याला मुळाक्षरांच्याही आधी हे वाक्य शिकवावे. उलट तोच आपल्याला म्हणाला, ‘मला लागते, आज पाऊस येईल,’ तर हसू नये. ‘वाटते’ एवढेच हळूच सांगावे. शिकलेले अंगी लागते ते अशानेच.