असं का? : लाल खांबाच्या पोटात

आमच्या सोसायटीच्या आवारात कंबरेएवढा एक लाल लोखंडी खांब आहे. पोरांचा तो स्टंप! चेंडू लागला की 'टण्ण' असा आवाज येतो, त्यामुळे आऊट की नॉट आऊट यावर भांडण होत नाही. उरलेल्या वेळात त्याला कुणाची तरी सायकल टेकलेली असते. तुमच्याही आवारात असा खांब असेल. त्याला म्हणतात हायड्रंट. आग लागली की बंबवाले त्याला होज जोडतात आणि पाणी सोडतात.

एवढंच ना? खांब पुरायचा, खाली पाइप जोडायचा, लाल रंग मारायचा! मलाही असंच वाटायचं, आमच्याकडे चाचणी होईपर्यंत. ती गंमत (खरं म्हणजे फजिती) शेवटी सांगतो. आधी खांबाच्या पोटात काय असतं ते बघू.

जमिनीखालच्या टाकीतून पंप पाणी ढकलतो आणि निदान मीटरभर खोल पुरलेल्या पाइपांतून ते खांबापर्यंत येतं. हे पाणी घरच्या नळासारखं गरीब नसतं, बरं का! समजा, पाइप १५० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो आहे. तर पाइपाच्या बंद टोकावर किती जोर पडेल? वही घ्या आणि करा गुणाकार. टोकाचं क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर, गुणिले ७. उत्तर आलं १२३९ किलो! म्हणजे जवळजवळ दोन मारुती ८०० गाड्या त्या टोकावर सतत रेलून बसल्या आहेत म्हणा ना. पाइप वेल्डिंगने जोडलेले असले तर ते सहज सुटत नाहीत. पण एकात एक नुसते बसवलेले असले, तर वळणावर आणि टोकाशी ते निसटायला बघतात. म्हणून तिथे मागे काँक्रीटचा ठोकळा ओततात. ठोकळ्याच्या पाठीशी घट्ट, न उकरलेली माती हवी. भुसभुशीत भरावाला टेकवलेला ठोकळा पाइपाबरोबर स्वतःही सरकतो.

चर बुजवायच्या आधी दोन कामं राहतात. एक, पाइप आतून धुऊन काढायचे, नाहीतर काम करताना आत पडलेली खडी ऐन वेळी नोझलमध्ये अडकते. दुसरं, नेहमीच्या दीडपट दाबाने पाणी भरून दोन तास ठेवायचं. सांधा गळत असला तर तो उघड्या चरात दिसतो. फरश्या बसवल्यावर कसा दिसणार?

खांब इमारतीला चिकटूनही चालत नाही. भिंतीपासून किमान २ मीटर लांब हवा. का, सांगा पाहू? खिडकीतून ज्वाळा येताहेत, काचा कोसळताहेत, अशा वेळी खांबाशी उभं कोण राहील? फार लांबही नको, नाहीतर निम्मी होज तिथवर पोचण्यातच संपते.

आता जरा थंड देशात जाऊ. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात पाणी गोठतं, आणि गोठताना फुगून लोखंडही फोडतं. म्हणून तिथल्या हायड्रंटची झडप डोक्याशी नसते, ती असते तळाशी, जिथे माती गोठत नाही इतक्या खोल. वरचा खांब कोरडा! वापरून झडप बंद केली की खांबात उरलेलं पाणी तळाच्या बारीक भोकातून खाली पसरलेल्या खडीत झिरपून जातं. एखाद्या उत्साही गवंड्याने 'मजबुतीसाठी' ते भोक काँक्रीटने बुजवलं, की झालं! पाणी आतच राहणार, गोठणार, आणि आगीच्या दिवशी हायड्रंट मुका. शिवाय हा हायड्रंट पूर्ण उघडावा लागतो. अर्धवट उघडला तर ते भोक नीट मिटत नाही आणि दाबाचं पाणी खालची माती धुऊन नेतं.

पण सगळं नीट बसवलं आणि तोंडच जुळलं नाही तर? ७ फेब्रुवारी १९०४, रविवार. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टनहून बंब रेल्वेने आले, मग इतर शहरांतूनही आले. माणसं होती, पाणी होतं, होज होत्या. पण कित्येक होज बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात! प्रत्येक शहराचे आटे वेगळे. तीसहून अधिक तास आग चालली आणि सुमारे १५०० इमारती गेल्या. नंतर पाहणी केली तेव्हा देशात सहाशेहून जास्त प्रकारची कपलिंगं निघाली. १९०५ मध्ये सगळ्यांसाठी एक माप ठरलं. तरीही १९९१ मध्ये ऑकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला, तेव्हा तिथल्या हायड्रंटची तोंडं ३ इंची, आणि बाहेरून मदतीला आलेल्यांच्या होज अडीच इंची! त्या वणव्यात २५ माणसं गेली. तोंड जुळलं असतं तर सगळी वाचली असती असं नाही म्हणता येणार, पण भलत्या वेळी जोडणी शोधत बसावं लागलं हे खरं.

आपल्याकडे ६३ मिलिमीटरचं तोंड असतं आणि आटे फिरवायची भानगड नसते. होजचं टोक आत दाबलं की 'खट्ट' आवाज येऊन ते अडकतं. काही सेकंदांचं काम.

तर आमची फजिती. एप्रिल महिना, अग्निशमन सेवा सप्ताह चाललेला. (१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या आठवणीत १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात.) आम्ही म्हटलं, आपलीही चाचणी घेऊ. पहिला खांब झकास. दुसऱ्याचीही धार तिसऱ्या मजल्यापर्यंत! मागच्या अंगणातला खांब मात्र गुडघ्याएवढाच उरला होता. आदल्या वर्षी तिथे भराव घालून पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा जमीन वर आली आणि खांब बिचारा आहे तिथेच राहिला. त्याचं तोंड खाली झुकलेलं. होज तोंडाशीच दुमडली, आणि नोझलमधून पाणी आलं ते गळक्या नळाइतकं. त्या अंगणावर चार मजल्यांची घरं आहेत, आणि त्यांतल्या एका घरात मी राहतो! हसायलाही येईना.

अग्निशमन दलातले एक काका चाचणी बघायला आले होते. त्यांनी फक्त पट्टी मागवली. जमिनीपासून तोंड साधारण मीटरभर उंच हवं, ते भरलं ४० सेंटिमीटर. आठ दिवसांनी मिस्त्री आला, वरचे बोल्ट सोडवून मधे पाइपाचा एक तुकडा चढवला आणि पुन्हा पाणी सोडलं. होज सरळ सुटली. "झडप हळू बंद करा हं, धाडकन नको," काका म्हणाले, "वाहतं पाणी एकदम अडलं की पाइपाला हातोड्यासारखा दणका बसतो."

मग त्यांची नजर पुढच्या खांबाकडे गेली. त्यावर तीन रेघा ओढलेल्या होत्या, खडूने.

"हा स्टंप कुणाचा?"

सगळी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक धीट कार्टं पुढे आलं. "काका, आवाज छान येतो त्याचा!"

काकांनी मिस्त्रीचा लाल रंगाचा रिकामा डबा उचलला, उलटा केला आणि वर बोटांनी वाजवून बघितला. "हाही काही वाईट नाही," म्हणाले, आणि तो भिंतीपाशी ठेवून दिला.