तीन पांखरें

मुलांच्या खेळांविषयीं लेख आला म्हणजे वडील मंडळी पान उलटतात, असा या सदराचा अनुभव आहे. या खेपेस तसें न करण्याची विनंति आहे. ज्या खेळाविषयीं लिहावयाचें तो आपल्यांतील बहुतेक घरांत शिरलेला असून, त्याचें नांव ऐकतांच आजोबांच्या कपाळाला आठी पडते. 'पोकेमॉन' हें तें नांव. नाना तऱ्हेचे विचित्र प्राणी शोधावे, त्यांना धरावें, पाळावें, एकमेकांशीं झुंजवावें, असा हा यंत्रावरील खेळ. आजमितीस त्यांतील प्राण्यांची संख्या एक हजाराच्या वर गेली आहे. तेव्हां सर्वांचा परामर्श घेणें मजसारख्याच्या आवांक्याबाहेरचें होय. मी तीन पक्ष्यांपुरतेंच बोलणार आहें.

खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचें बालपण तोक्योजवळच्या माचिदा येथें गेलें. त्या काळीं तेथें शेतें होतीं, तळीं होतीं, आणि हा मुलगा दिवसभर किडे धरीत हिंडत असे. पुढें शेतांवर इमारती उठल्या व किडे नाहींसे झाले. मोठेपणीं 'गेम बॉय' नांवाचीं दोन खेळयंत्रें जोडणारी तार त्यांनीं पाहिली, आणि तिच्यावरून एखादा किडा या यंत्रांतून त्या यंत्रांत सरपटत चालला आहे असें चित्र त्यांच्या मनापुढें उभें राहिलें. खेळाचें बीज तें. १९९६ सालच्या फेब्रुवारींत खेळ जपानांत बाहेर पडला. त्यांत प्राणी १५१, आणि त्यांपैकीं १४४, १४५ व १४६ या क्रमांकांचे प्राणी म्हणजे आपले तीन पक्षी: एक हिमाचा, एक विजेचा, एक अग्नीचा.

नांवांची हकीकत मोठी गमतीची आहे. जपानी मूळांत यांना फ्रीझर, थंडर आणि फायर म्हणतात. म्हणजे सरळ इंग्रजी शब्दच उचललेले. परक्या भाषेंतील शब्द कानाला भारदस्त लागतो. न्हाव्यानें दुकानावर 'केशकर्तनालय' अशी पाटी लावली म्हणजे वस्तरा तोच राहून मान तेवढा वाढतो, त्यांतलाच हा प्रकार. परंतु १९९८ सालीं खेळ अमेरिकेंत न्यावयाचा झाला, तेव्हां त्या नांवांचा निभाव लागण्यासारखा नव्हता. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला फ्रीझर म्हणजे आइसक्रीम ठेवण्याचें कपाट! त्या नांवाच्या पक्ष्याला कोण भिणार? भाषांतरकारांनीं जुनीं नांवें टाकून दिलीं व नवीं घडविलीं: आर्टिकुनो, झॅपडॉस आणि मोल्ट्रेस. पहिल्यांत 'आर्क्टिक' हा ध्रुवाकडील हिमप्रदेश आहे, दुसऱ्यांत 'झॅप' हा विजेच्या झटक्याचा आवाज, तिसऱ्यांत 'मोल्टन' म्हणजे तापून वितळलेलें. आणि तिघांच्या शेपटाला ऊनो, दोस, त्रेस हे स्पॅनिश भाषेंतले एक, दोन, तीन बांधून दिले आहेत. कित्येक मुलें वर्षानुवर्षें हीं नांवें घोकतात, पण आपण अंक मोजीत आहों हें त्यांच्या गांवींही नसतें. यांतील दोस आणि त्रेस हे आपल्या द्वि आणि त्रि यांचे भाऊबंदच आहेत.

संस्कृत शिकलेल्या माणसाला येथें एकत, द्वित आणि त्रित यांची आठवण व्हावी हें साहजिक आहे. अग्नि पाण्यांत लपून बसला असतां देवांनीं त्याला बळेंच बाहेर काढलें. तेव्हां तो रागानें पाण्यावर थुंकला, आणि त्या पाण्यापासून हे तिघे आप्त्य उत्पन्न झाले, अशी कथा शतपथब्राह्मणांत आहे. अग्नीशीं नातें, आणि नांवांत अनुक्रमांक! भाषांतरकारांनीं शतपथ वाचलें होतें असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. तिघांचें बारसें एकदम करण्याची वेळ आली म्हणजे माणसाची बुद्धि एकाच वाटेनें जाते, एवढेंच.

आतां त्यांचीं वसतिस्थानें. आर्टिकुनो सीफोम नांवाच्या बेटांवरील गुहेंत राहतो. तेथें पाण्याला ओढ इतकी कीं पोहून जाणें अशक्य. वरच्या मजल्यांवरून मोठाले धोंडे भोंकांतून खालीं ढकलून प्रवाह अडवावा, तेव्हां कोठें वाट मिळते. झॅपडॉस एका ओसाड वीजघरांत बसला आहे. त्या वीजघरांत जमिनीवर पडलेली वस्तु उचलावयास जावें तों ती वस्तु नसून दबा धरून बसलेला प्राणीच निघतो, असें वरचेवर घडतें. मोल्ट्रेसची गुहा अखेरच्या स्पर्धेस जाण्याच्या वाटेवर आहे; २००४ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत मात्र त्याला ज्वालामुखीवर नेलें, आणि तें स्थळ त्याला अधिक शोभतें. खेळांतच एक प्राणिकोश असतो, त्यांतील वर्णनेंही वाचण्यासारखीं आहेत. हिमाच्या डोंगरांत वाट चुकून मरणाच्या दारीं पोंचलेल्यांना आर्टिकुनो दिसतो म्हणतात. झॅपडॉसवर वीज पडली तर तो मरत नाहीं, त्याचें बळ वाढतें. मोल्ट्रेस वसंतऋतूबरोबर दक्षिणेकडून येतो. हें शेवटचें वाक्य लिहिणारा माणूस अगदींच अरसिक नसावा.

परंतु मला जें खरें विचार करण्यासारखें वाटलें तें पुढेंच आहे. इतर प्राणी रानांत पुन्हां पुन्हां भेटतात. हे तिन्ही पक्षी त्या मूळच्या खेळांत एकेकदांच भेटतात. प्राणी धरण्यास किती सोपा याचा एक आंकडा खेळाच्या पोटांत ठेवलेला असतो. अगदीं सोप्या प्राण्याचा तो २५५ असतो. या पक्ष्यांचा ३ आहे. म्हणून पक्ष्याला झुंजींत थकवावें लागतें, निजवावें लागतें, आणि मग एकामागून एक चेंडू फेंकीत बसावें लागतें. थकवतांना एक घाव जास्त बसला आणि तो मूर्च्छित पडला, कीं संपलें. त्या खेळांत तो पुनरपि येत नाहीं. कधीं न चुकणारा एक चेंडू मिळतो खरा, पण तो एकच असतो, आणि बहुतेक मुलें तो यांच्याहून बलाढ्य अशा चवथ्या प्राण्यासाठीं राखून ठेवतात. झुंजीपूर्वीं खेळाची नोंद करून ठेवली असेल तर यंत्र बंद करून पुन्हां प्रयत्न करतां येतो. झुंज हरल्यावर नोंद केली, तर ब्रह्मदेवाच्यानेंही कांहीं होणें नाहीं.

आमच्या घरीं नेमकें हेंच झालें. मुलानें परदेशांतून आणलेलें एक जुनें गेम बॉय घरांत आहे. त्यांत एकाच खेळाची नोंद राहते, आणि खेळणारीं भावंडें दोन: नातू बारा वर्षांचा, नात नऊ वर्षांची. नातीनें चार संध्याकाळ खपून आर्टिकुनो धरला होता व त्याचें नांव 'हिमा' ठेवलें होतें. पुढें एके दिवशीं दादा क्लासला गेला असतां ती वीजघरांत शिरली, एक घाव जास्त झाला, झॅपडॉस पडला, आणि संवयीप्रमाणें तिनें नोंद करून यंत्र मिटवून ठेविलें. दादा परत आल्यावर जो कल्लोळ झाला तो काय वर्णावा!

"अण्णा, आतां तो ह्या खेळांत कधींच यायचा नाहीं," हें त्याचें पालुपद. "मीं मुद्दाम नाहीं केलें," हें तिचें. थोरल्या सूनबाईंनीं यंत्र कपाटांत ठेवून कुलूप लावण्याचा तोडगा सुचविला. तो दोघांनाही मान्य नव्हता.

नातवाचें म्हणणें, सगळें पुसून पहिल्यापासून खेळावें. तसें केलें तर बहिणीचा हिमाही पुसला जाणार. मग त्यानें दुसरी युक्ति काढली. पलीकडच्या इमारतींतील मित्राजवळ तसाच संच आहे व त्याच्यापाशीं झॅपडॉस आहे. तार जोडून हिमा त्याला द्यावा व झॅपडॉस घ्यावा. "आपल्या कोशांत एकदां धरलेल्या प्राण्याची नोंद तो दिल्यावरही राहते, अण्णा. म्हणजे १४४ पण राहिला आणि १४५ पण मिळाला. तोटा कशांत आहे?" हिशेब बिनचूक होता. नात एवढेंच म्हणाली, "नोंद राहील, पण हिमा कुठें राहील?"

चाळीस वर्षें मीं मुलांचे वाद ऐकले, पण इतका नेमका मुद्दा त्यांत फार थोड्या वेळां निघाला असेल. वहींतली खूण पुरी व्हावी म्हणून पांखरूं धरावयाचें, कीं पांखरासाठीं वही ठेवावयाची? निकाल देण्याचें मीं नाकारलें. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशीं नातवानें आपण होऊनच खेळ पुढें चालूं केला. आमच्या कोशांत १४५ व्या क्रमांकापुढें 'पाहिला' अशी नोंद आहे, 'धरला' अशी नाहीं. ती तशीच आहे. मागाहून मला कळलें कीं, खेळाच्या अलीकडील कांहीं आवृत्त्यांत पाडलेला दुर्मिळ प्राणी अखेरची स्पर्धा जिंकल्यावर पुन्हां प्रगट होतो. मुलांचें रडें वांचवणारी ही सुधारणा मला तितकीशी पसंत नाहीं. परत येणाऱ्या पक्ष्यासाठीं कोणी दोन दिवस अबोला धरला नसता, आणि तो प्रश्नही निघाला नसता.

याच तीन पक्ष्यांवर १९९९ सालीं जपानांत एक चित्रपट निघाला. त्यांतील खलपुरुष हा संग्राहक आहे. त्याला कोणाचा जीव घ्यावयाचा नाहीं, राज्य जिंकावयाचें नाहीं. दुर्मिळ वस्तूंचा संग्रह पुरा व्हावा एवढीच त्याची आकांक्षा. अग्नि, वीज आणि हिम या तिहींचीं तीन बेटें आहेत. हा गृहस्थ अवाढव्य विमानांतून येऊन पक्ष्यांना एकामागून एक पिंजऱ्यांत घालूं लागतो, आणि त्यासरशी सृष्टीचा तोल सुटतो. भलत्या ऋतूंत हिंवाळा पडतो, समुद्राचे प्रवाह बिघडतात, आणि शेवटीं लुगिया नांवाच्या सागररक्षकाला वर यावें लागतें. आतां गंमत पाहा. ज्या खेळाच्या अमेरिकेंतील जाहिराती 'सगळेच्या सगळे धरा' असें मुलांना ओरडून सांगत होत्या, त्याच खेळाच्या चित्रपटांत सगळे धरूं पाहणारा मनुष्य दुष्ट ठरला! कांहीं लोक यास दांभिकपणा म्हणतील. माल खपवणारा आणि गोष्ट सांगणारा हे एका छपराखालीं असले तरी एका मताचे असतातच असें नाहीं, असें मला वाटतें. आणि येथें गोष्ट सांगणाऱ्यानें आपलें म्हणणें चोख मांडलें आहे.

अग्निपक्षी जपानी मुलाला नवा नव्हे, आणि त्याचें एक कारण आपल्या घरचें आहे. बौद्धांबरोबर आपला गरुड चीनमार्गें जपानांत गेला व तेथें 'कारुरा' झाला. क्योतो येथील सांजूसान्गेन्दो मंदिरांत त्याची मूर्ति आहे. मेघगर्जनेचा देव राइजिन तेथेंच आहे. 'फुदो' म्हणून जी उग्र देवता जपानांत पूजिली जाते ती आपली अचल. तिच्या पाठीमागील ज्वालांच्या प्रभावळीला कारुराचीच ज्वाला म्हणतात. महाभारताच्या आदिपर्वांत गरुड जन्मला तेव्हां त्याचें तेज पाहून देवांना अग्निच भडकला असें वाटलें. पुढें अमृत आणतांना इंद्रानें वज्र मारलें, तेव्हां त्या वज्राचा मान राखण्यापुरतें त्यानें एक पीस टाकलें, आणि म्हणून तो सुपर्ण. विजेच्या आघातानें ज्याचें कांहीं बिघडत नाहीं असा पक्षी आपल्याकडे फार पूर्वींच होऊन गेला आहे. हिमाचें मात्र आपल्या पूर्वजांनीं वेगळें केलें. त्याचा त्यांनीं पर्वत केला, पार्वतीचा बाप केला. पक्षी केला नाहीं.

२०१६ सालीं हातांतील फोन घेऊन रस्त्यांतून हिंडण्याचा जो पोकेमॉन निघाला त्यांत हेच तिघे तीन पथकांचीं निशाणें होऊन बसले. त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें नाहीं. वाहनांपासून संभाळावें म्हणजे झालें. २०२० सालच्या ऑक्टोबरांत मात्र इंग्लंडच्या धर्तीवर कल्पिलेल्या गॅलार नांवाच्या प्रदेशांत तिन्ही पक्षी नव्या रूपांत आले. झॅपडॉस तेथें उडण्यापेक्षां धांवतो. मोल्ट्रेसची ज्वाला काळवंडलेली आहे. आर्टिकुनोनें हिम सोडून मनोबळ धरलें आहे. त्याच्या जवळ जावें तों त्याचे एकाचे तीन होतात, आणि खरा कोणता हें ओळखून त्यालाच गांठावें लागतें.

वाचकांना दमयंतीचें स्वयंवर आठवलेंच असेल. तिच्यापुढें पांच नल उभे होते, त्यांतले चार देव. देवांना घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, माळा टवटवीत होत्या, पाय भूमीला लागले नव्हते. ज्याची सांवली पडली होती, माळ कोमेजली होती, अंगावर धूळ होती, तो तिनें वरला. नातीला हें मीं सांगितलें तेव्हां यंत्र बाजूस ठेवून तिनें तें सबंध ऐकून घेतलें व दुसऱ्या दिवशीं दादालाही ऐकविलें. नलोपाख्यान वनपर्वांत आहे. ज्यांच्या घरीं हा खेळ चालतो त्यांनीं एखाद्या रात्रीं जेवणें झाल्यावर तें मुलांना वाचून दाखवावें.