पाणी शुद्ध होईल. पण खर्च कोणाचा?

प्राग येथील रसायन व तंत्रज्ञान विद्यापीठात मार्टिन पुमेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मनोवेधक आहे. केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी लहान असे कण. त्यांत लोहाचे ऑक्साइड असल्यामुळे बाहेरील चुंबकाच्या ओढीने ते पाण्यात हिंडतात. ५ अंश सेल्सिअसला ते विखुरलेले असतात. २५ अंशांना एकत्र येऊन आर्सेनिकला कवटाळतात. मग चुंबकाने सारा पुंजका बाहेर ओढून घ्यावयाचा. पुन्हा थंड केले की कण विष सोडतात आणि नव्या फेरीस सिद्ध होतात. ‘यंत्रमानव’ हे नाव त्यांना जरा मोठेच. पण कामगिरी खरी आहे.

मात्र ती प्रयोगशाळेतल्या भांड्यातली. आर्सेनिकचा प्रश्न आहे पश्चिम बंगाल व बांगलादेशातील खेड्यांत. तळ्यांतील जंतूंपासून सुटका व्हावी म्हणून तेथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या, आणि भूगर्भातील विष घरोघरी पोहोचले. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. बांगलादेशात दूषित पंप लाल रंगाने रंगविले गेले, निर्धोक पंप हिरव्या. लाल पंप दारात असलेल्या बाईने हिरव्यापर्यंत हंडा घेऊन चालावयाचे.

लोहाचे संयुग आर्सेनिक धरून ठेवते, हे ज्ञान काही नवे नाही. त्यावर आधारलेली गाळणयंत्रे बंगालमध्ये पंपांना बसविलीही गेली. त्यांतील कित्येक लवकरच बंद पडली. कारण आतला माल बदलावयाचा कोणी आणि कोणत्या पैशातून, हे ठरलेलेच नव्हते. भांडवली खर्चाला देणगीदार मिळतो, उद्घाटनाला पाहुणाही मिळतो; आवर्ती खर्चाला मात्र वाली नसतो. आमच्या विषयाच्या पाठ्यपुस्तकांतही देखभालीच्या वाट्याला जेमतेम एखादा परिच्छेद येतो!

नव्या कणांचा आवर्ती खर्च तर अधिकच अवघड दिसतो. ते पुन्हा वापरावयाचे तर पाणी ५ अंशांपर्यंत थंड केले पाहिजे. म्हणजे वीज आली, शीतयंत्र आले, ते चालविणारा पगारी माणूस आला. शिवाय सुटलेले आर्सेनिक नाहीसे होत नाही. ते पंपामागच्या खड्ड्यात ओतले, तर पावसाळ्यात पुन्हा त्याच पाण्याकडे जाणार.

संशोधनास पैसा अवश्य द्यावा. परंतु असे तंत्र गावात नेण्याचा प्रस्ताव सरकारपुढे येईल, तेव्हा त्यात हजार लिटरमागे येणारा खर्च, देखभाल करणाऱ्याचे वेतन आणि काढलेले विष ठेवण्याची जागा हे तीन रकाने भरलेले असावेत. रिकाम्या रकान्यांच्या प्रस्तावावर सही होता कामा नये.