डोक्याला मार: डिस्चार्ज म्हणजे उपचारांचा शेवट नव्हे

"डॉक्टर, पेशंट पहिल्यासारखा होईल ना?" अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाचे नातेवाईक आयसीयूच्या दारात हाच प्रश्न विचारतात. पहिल्या दिवशी याचे ठाम उत्तर कोणताच डॉक्टर देऊ शकत नाही.

काही गोष्टी आपल्या हातात नसतात: रुग्णाचे वय, सीटी स्कॅनमध्ये दिसणारा रक्तस्राव व सूज, आणि शुद्धीची पातळी. ही पातळी आम्ही ग्लासगो कोमा स्केलवर 3 ते 15 गुणांत मोजतो. 8 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. शुद्धीवर आल्यावरही रुग्ण जितके जास्त दिवस गोंधळलेला राहतो, तितकी सुधारणा सावकाश होते.

काही गोष्टी पहिल्या काही तासांत ठरतात. रक्तदाब घसरला किंवा ऑक्सिजन कमी पडला, तर आधीच दुखावलेल्या मेंदूची आणखी हानी होते. म्हणून जखमीला लवकरात लवकर योग्य रुग्णालयात पोहोचवणे महत्त्वाचे.

पण माझ्या मते सर्वात दुर्लक्षित राहतात ते डिस्चार्जनंतरचे महिने. दागिने मोडून, कर्ज काढून कुटुंब ऑपरेशन करते. जीव वाचतो. तोवर पैसाही संपतो आणि उमेदही. फिजिओथेरपी महिनाभरात बंद पडते. सुधारणेचा वेग साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो, आणि नेमका तोच काळ वाया जातो! मेंदूचे शाबूत भाग सरावाने काही कामे नव्याने शिकू शकतात. सरावच नसेल तर शिकणार कसे? म्हणून खर्चाचा हिशेब मांडताना फिजिओथेरपी, स्पीच थेरपी यांचे पैसे सुरुवातीपासून बाजूला ठेवा. थेरपिस्टना रोज बोलावणे परवडत नसेल, तर घरातल्या एकाने व्यायाम नीट शिकून घ्यावेत. सहा महिने उलटले म्हणून आशाही सोडू नका. पुढे वर्ष-दोन वर्षे, कधी त्यानंतरही, सुधारणा होत राहते.

आणखी एक. रुग्ण चालू-बोलू लागला की घरचे म्हणतात, "झाला बरा!" मग त्याची चिडचिड, विसराळूपणा, निरुत्साह पाहून "मुद्दाम करतोय" असा शिक्का बसतो. हे मेंदूच्या इजेचे परिणाम असू शकतात. त्याला रागावण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. फिटची गोळी स्वतःहून बंद करू नका, दारू पूर्ण वर्ज्य, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय गाडी चालवू देऊ नका.

डिस्चार्जच्या दिवशी "परत कधी दाखवायचं?" एवढेच विचारून निघू नका. "घरी रोज काय काय करून घ्यायचं?" हेही विचारा, आणि लिहून घ्या.